पंपाखालचं रबर

परवा रात्री पाणी प्यायला उठलो, तर बाबा खाटेवर बसलेले. पूनम सागरमधलं आमचं घर पहिल्या मजल्यावर, आणि बरोब्बर खाली पंप. तो सुरू झाला की बाबांच्या उशाची भिंत थरथरते. पंपाखालचं रबर जुनं होऊन दगडासारखं झालंय. "सवय झाली रे," म्हणाले. कधीपासून, ते काही सांगेनात.

थरथर जिरवणारं दुसरं काय असतं, हे शोधायला बसलो आणि भलत्याच इतिहासात शिरलो.

१९६१ सालची गोष्ट. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतली बैठक. विल्यम ब्यूलर यांच्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची दुमडलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी यांनी तिच्याखाली पाइप पेटवायचा लायटर धरला आणि पट्टी आपोआप सरळ झाली! हाच नितिनॉल. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं याच कुळातल्या, लोह मिसळलेल्या धातूच्या कड्या 'तेजस' विमानातल्या नळ्या जोडण्यासाठी तयार केल्या. कडी अतिथंड करून रुंदावायची, जोडावर चढवायची; ऊब लागली की ती मूळ माप आठवून घट्ट आवळते.

पुढे १९९६ मध्ये कारी उलाक्को आणि सहकाऱ्यांनी एमआयटीत दाखवलं, की निकेल-मँगनीज-गॅलियमचा स्फटिक चुंबकानंही आकार बदलतो. बदल जेमतेम ०.२ टक्के, काही वर्षांत तो ६ टक्क्यांवर गेला. या स्फटिकात एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं वाटावीत असे जुळे थर असतात. दाब आला की थरांमधली सीमा सरकते, आणि त्या सरकण्यात ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन जिरतो.

पण स्फटिक ठिसूळ, वर महाग. मग एमआयटीच्याच रॉबर्ट ओहँडली यांच्या गटानं त्याचे कण पॉलिमरमध्ये कालवले. २००३ च्या त्यांच्या निबंधात, या मिश्रणात नुसत्या पॉलिमरपेक्षा जास्त ऊर्जा जिरते, हे मोजून मांडलंय. जो ठिसूळपणा आड येत होता, तोच कण करताना अडचणीचा राहिला नाही.

हे आमच्या पंपाखाली येणार नाही, हे मलाही कळतं. तिथं साधं नवं रबर पुरेल. रविवारी सेक्रेटरींना भेटून बसवून घेतोच.

मात्र एक गोष्ट मनातून जात नाही. धक्का जिरतो तेव्हा तो नाहीसा होत नाही, कुणाच्या तरी आत सरकतो. आमच्या घरात तो कुणाच्या आत सरकत होता, हे कळायला मला रात्री तहान लागावी लागली.

असो. बाबा आज दुपारी मात्र छान झोपलेत.