बऊबाजारातला निळा झोत

ट्राममधून उतरताना दांडा घट्ट धरा, ती पुरती थांबेलच असं नाही. उतरलात? आता एक मोठा श्वास घ्या. हे कलकत्ता, 1928 च्या फेब्रुवारीची अखेर. कोळशाच्या शेगड्यांचा धूर घशात खवखवतो, आणि खोकला येण्याआधीच मिठाईच्या दुकानातून छेन्याचा, पाकाचा ओलसर गोड वास अंगावर येतो. सोनारांच्या दुकानांतून हातोड्यांची टकटक. मागून रिक्षावाला हातातली घंटी दांड्यावर आपटत येतोय, बाजूला व्हा. गर्दीला धक्का लागल्याचं काहीच वाटत नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. मानेवरून घाम ओघळतोय? पुसा आणि बऊबाजारातल्या 210 नंबरचं दार ठोठावा.

एकवीस वर्षांपूर्वी सरकारी हिशेबखात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्यानं ट्राममधूनच इथल्या विज्ञानसंस्थेची पाटी पाहिली आणि तोही असाच दाराशी आला. तेव्हा दार उघडणारे आशुतोष डे आजही इथेच आहेत. सगळे त्यांना आशुबाबू म्हणतात. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन.

आत या. भिंती जाड आहेत, रस्त्याचा कोलाहल एकदम दूर जातो. पुढची खोली अंधारी आहे. डोळे सरावेपर्यंत हात टेबलाच्या कडेवर ठेवा, घाईनं काही पाडू नका. नाकाला पेट्रोलसारखा, जरासा गोडसर वास येईल. तो बेंझिनचा. हा द्रव पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून काचेच्या फुग्यात बंद केलाय, कारण त्यात धुळीचा कण राहिला तर तोच चमकतो आणि सगळं पाहणं वाया जातं. मला विचाराल तर या कामातली खरी तपश्चर्या इथे आहे, या कंटाळवाण्या गाळणं-उकळण्यात.

आता पाऱ्याचा दिवा पेटतो. स्वतःच्या हाताकडे पाहा! कातडी हिरवट-निळी, नखं काळपट, शेजारी उभे असलेले रामन यांचे सहकारी कृष्णन, त्यांचे ओठही जांभळट काळे. या उजेडात लाल रंग जवळजवळ नाहीच, मग हात लाल दिसणार कसा? दिव्याची धग गालाला लागते. गाळणीची काच मध्ये आली की हिरवा-पिवळा अडतो आणि निळा-जांभळा झोत बेंझिनमध्ये शिरतो. त्यातली सर्वांत ठळक निळी रेघ 435.8 नॅनोमीटर तरंगलांबीची आहे.

थोडा हिशेब करू. ट्रामच्या कंडक्टरनं दिलेली सुटी नाणी खिशात आहेत ना? ती चाचपत ऐका. प्रकाशही असा नाण्यांनीच येतो. त्या नाण्याला फोटॉन म्हणायची पद्धत अगदी नवी आहे. दिवा मोठा केला तर नाणी वाढतात, पण एकेका नाण्याची किंमत तीच राहते, कारण ती रंगावर ठरते. तरंगलांबी जितकी आखूड, तितकं नाणं मोठं. किंमत काढायची रीत सोपी आहे: 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागा, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये येतं. 1240 भागिले 435.8, म्हणजे 2.85. एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टचा टप्पा पार करताना मिळते ती ऊर्जा एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. बॅटरीचे दीड-दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक लावले तर इलेक्ट्रॉनला 3 मिळतील. आपलं निळं नाणं त्याहून जरा हलकं. ज्यूलमध्ये हीच किंमत सांगायची तर दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं लिहावी लागतील. इतकी शून्यं मोजत बसण्यापेक्षा 2.85 कितीतरी आपलंसं वाटतं.

आता हातात मावणारा हा वर्णपटदर्शक घ्या. बाजूनं, झोताला काटकोनात बघा. श्वास रोखा, काच धुकट होते. ठळक निळी रेघ दिसली? ती आत गेली तशीच बाहेर आली. तिच्या पलीकडे काळोखाची पट्टी. आणि त्या काळोखानंतर, डोळा जरा तिरपा केला की, एक फिकी रेघ. 455.5 नॅनोमीटर. दिव्यात ती नव्हतीच!

पुन्हा भागा. 1240 भागिले 455.5, म्हणजे 2.72. पूर्ण आकडे धरले तर आत 2.845, बाहेर 2.722. मधले जवळपास 0.12 बेंझिनच्या रेणूनं ठेवून घेतले. सहा कार्बनांचं त्याचं कडं छातीसारखं फुगतं आणि आकसतं, त्या एका हेलकाव्याचा दर नेमका तेवढाच आहे. कमीही नाही, जास्तही नाही. दुसऱ्या द्रवाचा फुगा ठेवा, काळोखाच्या पट्टीची रुंदी बदलेल. रेणूचं नाव-गाव रंगाच्या वजाबाकीतून कळावं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

रेघ फिकी का? लाखो नाण्यांमागे एखाद्याचाच असा व्यवहार होतो. म्हणून फोटोची काच झोतासमोर तासन्‌तास ठेवावी लागते. आणि तिच्यावर मुख्य रेघेच्या अलीकडेही, 417.8 पाशी, आणखी फिकी खूण उमटू शकते. ते नाणं आलं त्याहून मोठं होऊन निघालंय! तुमच्या मानेवर घाम आणणारी ऊब बेंझिनलाही मिळते. तिनं शंभरेक रेणूंमागे एखादा आधीच हेलकावत असतो आणि आपले 0.12 तो प्रकाशाला देऊन टाकतो.

फोटोची काच आत्ताच लावली आहे. निघताना दार हळू लोटा, फटीतून ऊन येतंय.