ठरलेल्या पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी उत्पादन व तपासणीची क्षेत्रे

काही व्यक्तींना ठरलेली कार्यपद्धती, स्पष्ट मोजमाप आणि नेटकी नोंद यांत समाधान लाभते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या व्यवसायनिवडीच्या सिद्धांतात सहा प्रवृत्ती सांगितल्या असून त्यांपैकी एक हीच आहे. कारखान्यातील उत्पादन व गुणवत्ता तपासणी ही कामे अशा व्यक्तींना विशेष अनुकूल ठरतात.

रायपूर परिसर

छत्तीसगडची राजधानी नवा रायपूर हे नियोजनपूर्वक वसविलेले शहर आहे. जुन्या रायपूरलगतच्या उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्न, पोलाद व सळ्यांचे कारखाने आहेत. जवळच भिलाई येथे १९५९ मध्ये सुरू झालेला पोलाद कारखाना भारतीय रेल्वेला रूळ पुरवितो. नवा रायपूर येथे २०२५ मध्ये गॅलियम नायट्राइडवर आधारित चिप निर्मिती प्रकल्पाची पायाभरणी झाली.

कामाचे स्वरूप

बांधकामाच्या सळ्यांसाठी आयएस १७८६ हे भारतीय मानक आहे. त्यातील 'एफई ५००' दर्जाच्या सळईने कायमची न लांबता प्रति चौरस मिलिमीटर किमान ५०० न्यूटन ताण सोसला पाहिजे. तपासनीस नमुना कापतो, वजन करतो, यंत्रावर ताणून व वाकवून पाहतो आणि निष्कर्ष हीट क्रमांकासह नोंदवितो. हा क्रमांक ज्या भट्टीतून पोलाद ओतले गेले त्या घाणीपर्यंत माग काढण्यास उपयोगी पडतो.

रुळांच्या अंतर्भागातील दोष डोळ्यांना दिसत नाहीत. ते श्रवणातीत ध्वनिलहरींनी शोधावे लागतात. या दक्षतेचे मोल २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबमधील खन्ना येथे प्रत्ययास आले. रूळ तुटल्याने घसरलेल्या डब्यांवर दुसरी गाडी आदळून दोनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.

शिक्षण व प्रगती

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर किंवा मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम उपयुक्त आहेत. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेता येते. यांत्रिकी वा धातुशास्त्रातील पदविकाधारकांना प्रयोगशाळा व गुणवत्ता विभागात संधी असते. वस्तू न मोडता तिची तपासणी करण्याच्या तंत्रात प्रमाणपत्राचे तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर लेखी सूचनेनुसार व देखरेखीखाली चाचणी करावयाची असते. दुसऱ्या स्तरावर निष्कर्षाचा अर्थ लावावयाचा असतो, तर तिसऱ्या स्तरावरील तज्ज्ञ कार्यपद्धतीच लिहितो. पद्धत पाळणारा अशा रीतीने पद्धत घडविणारा होऊ शकतो.

आवश्यक गुण

मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचण्याची चिकाटी आणि अक्षरात स्वच्छता हवीच. मात्र केवळ शिस्तप्रियता पुरेशी नाही. रोजच्या सवयीने मोजमाप न करताच तक्ता भरला जाण्याचा धोका याच कामात असतो. माल रवाना करण्याची घाई असताना सदोष घाणा नामंजूर करण्याचे धैर्यही लागते. अशा प्रसंगी लिखित नियम हाच तपासनीसाचा आधार असतो. म्हणून हे क्षेत्र निवडू इच्छिणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: नियम पाळणे आपल्याला सोपे वाटते म्हणून आवडते, की त्यामागील कारण पटते म्हणून? दुसरे उत्तर देणाऱ्यांची कारखान्यांना अधिक गरज आहे.