सीलिॲक रोग : पाठपुराव्याच्या तपासण्यांतील विषमता

गहू, जव व राय यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्यातील रसांकुर झिजवणारा प्रतिक्षमताजन्य विकार. उपचार एकच : आयुष्यभर ग्लूटेनमुक्त आहार. पथ्य पाळले जाते की नाही, हे रुग्णाच्या सांगण्यावरून कळत नाही. नकळतही ग्लूटेन पोटात जाऊ शकते : बाजारातल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. म्हणून निदानानंतर रक्तातील टीटीजी (टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज) प्रतिपिंडांची पातळी सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी व पुढे दरवर्षी मोजतात. सोबत लोह, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि प्रौढांत हाडांची घनता तपासतात.

ही साखळी सर्वांसाठी सारखी टिकत नाही; विषमता निदानापासूनच सुरू होते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सीलिॲकशी जुळणारी लक्षणे असूनही एंडोस्कोपीच्या वेळी आतड्याचा तुकडा तपासणीस घेण्याचे प्रमाण पुरुष, वृद्ध व कृष्णवर्णीयांत कमी आढळले. ‘हा गोऱ्यांचा आजार’ हा जुना समज याला हातभार लावतो, आणि तो चुकीचा आहे. उत्तर भारतातील एका लोकसंख्या-अभ्यासात (२०११) प्रमाण सुमारे शंभरात एक निघाले. विमा नसणे, तज्ज्ञ दूर असणे, तपासणीचा खर्च ही कारणेही तेवढीच खरी. लक्षणे थांबली म्हणजे आतडे बरे झाले असे नव्हे. म्हणून रुग्णाने वार्षिक टीटीजी चाचणी स्वतःहून मागावी.