ट्रायथलॉनच्या सरावात प्रशिक्षकाचे स्थान

उज्जैनच्या राम घाटावर पर्वणीच्या दिवशी क्षिप्रेच्या काठी सराईत पोहणारे उभे असतात. पाण्यात उतरलेल्याला जे उमगत नाही, ते काठावरच्या जाणत्याला आधी दिसते. ट्रायथलॉनच्या प्रशिक्षकाचे कामही बरेचसे याच जातीचे आहे.

‘आयर्नमन ७०.३ गोवा’ ही स्पर्धा ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम झाली आणि गोमंतकीयांना हा खेळ जवळचा झाला. १.९ किलोमीटर समुद्रातील पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, हे सारे साडेआठ तासांच्या आत पुरे करावयाचे असते. नावातील ७०.३ हा आकडा एकूण मैलांचा. याच्या दुप्पट अंतराची मूळ स्पर्धा १९७८ मध्ये हवाईतील ओआहू बेटावर झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. दुसरे आलेले जॉन डनबर यांच्या मदतनिसांजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांना चक्क बिअर पाजण्यात आली! आज ही गोष्ट गमतीची वाटते. पण पाणी आणि मीठ यांचा हिशेब चुकल्याने अर्ध्यावर थांबणारे आजही कमी नाहीत.

हौशी खेळाडूची पहिली चूक ठरलेली असते. जे येते तेच तो अधिक करतो. धावणारा धावत राहतो, पोहण्याचा दिवस टाळतो. शिवाय तिन्ही प्रकारांचा थकवा एकाच शरीरात साठत असतो, हे वेगवेगळी वेळापत्रके जुळवताना ध्यानात येत नाही. सायकलवरून उतरताच धावण्याचा सराव कधी करावा, कोणत्या आठवड्यात भार कमी करावा, स्पर्धेआधीचे दोन आठवडे हात कसा आखडता घ्यावा, हे प्रशिक्षक ठरवतो. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास काढणाऱ्याला विश्रांतीचा दिवस सक्तीने घ्यायला लावणे, ही त्याची सर्वांत मोठी सेवा म्हणावी लागेल. पिंडरीचे दुखणे लपवून धावणाऱ्याचा पुढे अख्खा हंगाम बुडतो.

गोव्यात एक अडचण खास इथली आहे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, पोहण्यास धोक्याचा. आणि स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे खुल्या पाण्याच्या सरावाला जेमतेम काही आठवडे मिळतात. जाणता प्रशिक्षक पावसाळा तलावात हातांची फेक आणि श्वासाची लय सुधारण्यात घालवतो, सायकल घरातच स्टँडवर चालवून घेतो आणि समुद्र शांत होताच सोबतीने पाण्यात नेतो. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, समुद्रात ती नसते. म्हणून दर सहा-आठ फेकींनंतर डोळे वर काढून खूण पाहण्याची सवय लागते, नाहीतर १.९ किलोमीटरचे सहज सव्वादोन होतात. दमट उन्हाचेही तसेच. शरीराला त्याची सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. सरावाच्या आधी व नंतर वजन केले, तर घामावाटे किती पाणी गेले ते कळते आणि त्यावरून पिण्याचे प्रमाण ठरवता येते. गरजेपेक्षा जास्त पाणी पिणेही घातक, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रशिक्षक शेजारीच असावा असे नाही. राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू आणि अनेक आयर्नमन पूर्ण केलेले पुण्याचे कौस्तुभ राडकर यांच्यासारखे प्रशिक्षक दूरच्या शिष्यांनाही घडवतात. घड्याळातील नोंदी आता दुरूनही वाचता येतात. पोहणे मात्र कोणीतरी प्रत्यक्ष पाहायलाच हवे.

७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरची छोटी स्पर्धा शिस्तीच्या माणसाला एकट्यानेही साधते; तेवढ्यासाठी खर्च करावाच असे नाही. सर्वांच्या हाती एकच छापील तक्ता ठेवणाऱ्यापासून दूर राहावे. पहिल्या भेटीत जो जुनी दुखणी, झोप आणि कामाच्या वेळा विचारतो, आणि चाळिशी उलटलेल्याला आधी हृदयाची तपासणी करून यायला सांगतो, त्याच्याकडे नाव नोंदवावे.