राखणदाराची परीक्षा

साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाळेची सहल गेली, म्हणजे देवळे पाहून झाल्यावर मी मुलांना आणखी एक जागा आवर्जून दाखवितो. ती म्हणजे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. शिकारीत वाघ अंगावर येत असता या कुत्र्याने धन्याला सावध केले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मुले त्या दगडी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवितात आणि डबे सोडतात. एका सहलीत एका मुलाने घास हातात धरूनच विचारले, "गुरुजी, खंड्याला हे कोणी शिकविले होते?"

मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे राखणीचा कुत्रा पाळीत, शिकवीत नसत. तो जात्याच इमानी निघाला तर समाधी, आणि नाही निघाला तर नशीब, असा साधा हिशेब. माझ्या लहानपणी आमच्या गावात एका मोठ्या वाड्याच्या दारी असाच एक कुत्रा होता. तो 'कडक' व्हावा म्हणून त्याला दिवसभर अंधाऱ्या खोलीत बांधीत, भाकरीत तिखट घालीत, आणि येणारा-जाणारा त्याला काठीने डिवची. कुत्रा कडक झाला खरा. एके दिवशी साखळी तुटली, तेव्हा त्याने चोराला नव्हे, तर त्याच वाड्यातल्या चार वर्षांच्या मुलीला फाडले. मुलगी वाचली, कुत्र्याला त्याच संध्याकाळी मारले. दोष कुत्र्याचा ठरला. तो कोणाचा होता हे कळायला मला बरीच वर्षे लागली, आणि त्यासाठी युरोपच्या इतिहासात डोकवावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपात एक मोठा नोकरवर्ग बेकार होत होता, तो म्हणजे मेंढपाळाचा कुत्रा. कुरणे मोडून शेते झाली होती, रेल्वे आली होती, दूरदेशची स्वस्त लोकर बंदरात उतरत होती. कळप आटले, पण शतकानुशतके कळप हाकून तयार झालेली कुत्र्यांची बुद्धी, त्यांचे कान आणि त्यांची अथक धाव मात्र शिल्लक होती. या बेकारांचे करायचे काय?

बेल्जियममध्ये हा प्रश्न आधी एका प्राध्यापकाने हाती घेतला. 15 नोव्हेंबर 1891 रोजी ब्रुसेल्सनजीकच्या क्यूरेगेम येथील पशुवैद्यक विद्यालयात आडोल्फ रेल यांनी गावोगावच्या धनगरी कुत्र्यांना बोलाविले. 117 कुत्रे जमले. कोणाचे केस लांब, कोणाचे आखूड, कोणाचे राठ. परंतु हाडापेराने सारी एकाच कुळातली. त्यांतली आखूड केसांची, तांबूस अंगाची आणि काळ्या तोंडाची जी जात मेखेलेन शहराच्या आसपास जोपासली गेली, ती त्या शहराच्या फ्रेंच नावावरून मालिन्वा म्हणून पुढे जगभर गेली.

त्या मेखेलेनचेच लुई हुइगेबार्ट हे या जातीचे मोठे कैवारी. त्यांचे म्हणणे असे की, मेंढरेच उरली नाहीत, तर या कुत्र्याची पारख मेंढरांवर कशी करणार? नुसत्या रूपावर बक्षिसे वाटीत बसलो, तर दहा पिढ्यांत देखणी पण निकामी कुत्री हाती उरतील. म्हणून त्याच्या बुद्धीची आणि आज्ञाधारकपणाची चढाओढ लावा. उड्या, पोहणे, वस्तू राखणे, धन्याचे रक्षण करणे, अशी कामे देऊन गुण मोजा. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत अशा चढाओढी बेल्जियममध्ये सुरू झाल्या. दोरी बांधून आखलेले मैदान, भोवती माणसांचे कडे आणि मध्ये कुत्रा. या मैदानालाच 'रिंग' म्हणत, आणि त्यावरून खेळालाही तेच नाव पडले. फ्रान्सने तो उचलला आणि आपले नियम केले. हॉलंडात 1907 साली पोलीस-कुत्र्यांची संस्था निघाली. तिची तऱ्हा निराळी. साधे नागरिक, कोणी कामगार, कोणी दुकानदार, फावल्या वेळात कुत्रे तयार करतात, परीक्षेला बसवितात, आणि उत्तीर्ण झालेला कुत्रा पुष्कळदा पोलिसांकडे जातो.

त्याच सुमारास दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. 1899 साली बेल्जियममधील गेंट शहराचे पोलीसप्रमुख एर्नेस्ट व्हान वेसेमाल यांनी रात्रीच्या गस्तीला शिपायाबरोबर शिकविलेला कुत्रा देण्यास आरंभ केला. हा प्रयोग इतका गाजला की, 1907 साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपला अधिकारी पाठवून तेथून पाच कुत्रे नेले. आणि त्याच 1899 च्या 3 एप्रिलला जर्मनीत कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात माक्स फोन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने एक धनगरी कुत्रा पाहिला आणि तेथल्या तेथे विकत घेतला. त्याचे नाव ठेविले होरांड. त्याच महिन्यात श्टेफानित्सने संस्था काढली आणि तिच्या वंशावळीत पहिला क्रमांक होरांडला दिला. आज ज्याला आपण 'अल्सेशियन' म्हणतो, त्या जातीचा हा मूळ पुरुष. श्टेफानित्सचाही विचार हुइगेबार्टसारखाच. कामाची परीक्षा नसेल तर जात टिकत नाही. या विचारातून जर्मनीत 'शुट्झहुंड' म्हणजे 'रक्षक कुत्रा' ही परीक्षा उभी राहिली. तिचे विषय तीन: माग काढणे, आज्ञापालन आणि रक्षण, प्रत्येकाला 100 गुण. नावे बदलत गेली, परंतु परीक्षेचा हा सांगाडा आजही तोच आहे.

आता मुख्य गोष्ट. या परीक्षेत नेमके पाहतात काय? मला वाटे, कोण किती जोरात चावतो ते पाहत असतील. फ्रेंच रिंगचे नियम वाचले आणि माझी समजूत पार उलटली.

मैदानात एक माणूस हल्लेखोराचे सोंग घेऊन उभा असतो. अंगावर नखशिखान्त जाड गादीसारखा पोशाख, हातात फटाफट वाजणारी काठी. त्याला आपण सोंगाड्याच म्हणू. कुत्र्याच्या गळ्यात ना पट्टा ना दोरी. वरच्या वर्गाच्या कुत्र्याला 2 मीटर 30 सेंटिमीटरपर्यंतची फळ्यांची भिंत चढावी लागते आणि साडेचार मीटरपर्यंतची लांब उडी घ्यावी लागते. पण हे झाले अंगमेहनतीचे विषय. खरे विषय पुढे आहेत.

एक आहे धन्याच्या रक्षणाचा. धनी कुत्र्यासह चालत येतो. समोरून सोंगाड्या येतो, नमस्कार-चमत्कार होतात, दोघे हस्तांदोलन करतात, चार शब्द बोलतात. कुत्र्याने शांत राहायचे. सोंगाड्या निघून जातो, पुन्हा फिरून येतो आणि धन्याला हात लावतो. त्या क्षणी, आज्ञेची वाट न पाहता, कुत्र्याने त्याला धरायचे. धक्का बसण्याआधी धरले तर गुण गेले. नंतर उशीर केला तरी गेले. ओळखीचा हात कोणता आणि मारायला उठलेला हात कोणता, हे त्याला कळले पाहिजे. माणसांतही हे किती जणांना कळते?

दुसरा आहे टोपली राखण्याचा. धनी टोपली ठेवून दृष्टीआड होतो. सोंगाड्या निरनिराळ्या बाजूंनी येऊन ती चोरू पाहतो. तो जवळ आला की धरायचा, पण तो मागे सरला की त्याच्या पाठी धावायचे नाही, टोपलीशी परतायचे. चोराच्या मागे रानभर धावणारा शूर कुत्रा येथे नापास होतो.

आणि तिसरा, सर्वांत अवघड. सोंगाड्या पळतो, धनी कुत्र्याला त्याच्यावर सोडतो. कुत्रा बाणासारखा सुटतो. आता दोन-तीन हातांचे अंतर उरले, जबडा उघडला, आणि पाठीमागून शिट्टी होते. कुत्र्याने त्या क्षणी हल्ला सोडून माघारी फिरायचे. शिट्टी होईल की नाही हे त्याला आधी ठाऊक नसते, कारण त्याच परीक्षेत एकदा असाच हल्ला शेवटास न्यायचा असतो. जो खरोखर चावायला निघाला होता आणि तरीही फिरला, तोच उत्तीर्ण. दात सगळ्यांनाच असतात. येथे गुण मिळतात ते दात आवरण्याचे.

मग असा कुत्रा निवडायचा कसा? येथे जाणकारांचे एकमत आमच्या गावच्या समजुतीच्या अगदी विरुद्ध आहे. ते म्हणतात, भित्रा कुत्रा घेऊ नका. भित्राच आधी चावतो, आणि कोणालाही चावतो. पिलू पाहायला जाण्यापूर्वी त्याचे आईबाप पाहा. परक्यासमोर ते स्वस्थ उभे राहतात की नाही ते पाहा. सात-आठ आठवड्यांच्या पिलापुढे चिंधी फरफटत न्या. ते झेपावते का, आणि धरल्यावर सहज सोडते का, हे बघा. जवळ एखादे भांडे पाडा. दचकले तर हरकत नाही. दचकून पुन्हा त्या भांड्याकडे हुंगायला आले पाहिजे. दचकणे हा दोष नव्हे, न सावरणे हा दोष आहे. आणि ते माणसाच्या मांडीवर आनंदाने आले पाहिजे.

शिक्षणाचा आरंभही रागातून होत नाही, खेळातून होतो. आधी चिंधी, मग गोणपाटाची गुंडाळी, मग जाड बाही, मग पूर्ण पोशाख. सोंगाड्याचे खरे कसब हरण्यात असते. पिलाने नीट, भरतोंड धरले की तो चिंधी सोडून देतो. पिलू ती मिरवीत घेऊन जाते. त्याला वाटते, मी जिंकलो. जो सोंगाड्या मोठेपणा मिरवायला पिलाला लवकर घाबरवितो, तो कुत्रा कायमचा बिघडवितो. धीर वाढेल तसतसा दाब वाढवायचा. 'सोड' ही आज्ञा 'धर' इतक्याच कष्टाने शिकवायची. सोडले की पुन्हा खेळ मिळतो, हे त्याच्या मनात ठसवायचे. घाईला येथे जागा नाही. आजच्या जर्मन परीक्षेच्या पहिल्या पायरीलाही कुत्रा किमान 18 महिन्यांचा लागतो, आणि वरच्या पायरीपर्यंत वर्षे जातात.

अर्थात हा शहाणपणा एका दिवसात आला नाही. जर्मनीतील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी 1910 साली श्वानशिक्षणावर पुस्तक लिहिले. कुत्र्याला माणसाची नीती कळत नाही. कृतीच्या लगेच पाठोपाठ सुख आले की दुःख, एवढेच कळते, हा त्यांचा सिद्धान्त. अमेरिकेत स्किनर यांनी हीच दिशा प्रयोगशाळेतून शास्त्रशुद्धपणे मांडली, ती 1938 साली. पण मोस्ट यांच्या पद्धतीत काटेरी पट्टा होता, फटका होता. पुढच्या पिढ्यांनी सिद्धान्त ठेवला आणि फटका हळूहळू कमी करीत आणला. तो सगळीकडून गेला आहे असे मात्र म्हणता येत नाही. शाळामास्तराला ही कहाणी परकी वाटू नये. छडीचा इतिहासही काही निराळा नाही.

याच शिक्षणाला दोन टोकांची फळे आली. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेल्या सैनिकांसाठी 1916 साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे गेऱ्हार्ड श्टालिंग यांनी शाळा काढली, आणि धनगरी कुत्रा अंधांचा हात धरू लागला. त्याच देशात पुढच्या महायुद्धात छळछावण्यांच्या तारांमागे तीच जात कैद्यांवर सोडली गेली. मे 1963 मध्ये अमेरिकेत बर्मिंगहॅम शहरात नागरी हक्क मागणाऱ्या निःशस्त्र मुलांवर पोलिसांनी कुत्री सोडली; त्यांची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. कुत्रा तोच, दात तेच. फरक होता तो दोरी धरणाऱ्या हातात. रिंगच्या मैदानात हल्ल्याआधी शिट्टी वाजू शकते. त्या ठिकाणी शिट्टी वाजविणारा कोणी उरला नव्हता.

मेखेलेनचा तांबूस कुत्रा आज आपल्याही देशात आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वानशिक्षण केंद्र 1970 पासून चालते. आणि गेल्या काही वर्षांत आपल्या निमलष्करी दलांनी व सैन्याने मालिन्वा मोठ्या प्रमाणात घेतला. ऑक्टोबर 2022 मध्ये काश्मीरात अनंतनागजवळच्या चकमकीत सैन्याचा झूम नावाचा मालिन्वा दोन गोळ्या लागूनही अतिरेक्याला सोडीना. 13 ऑक्टोबरला तो गेला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली, तेव्हा मला माहुलीची समाधी आठवली. खंड्याला कोणी शिकविले हे मला ठाऊक नाही; झूमला मात्र शिकविले होते, आणि ज्यांनी शिकविले ते त्याच्यासाठी रडले.

पुढच्या सहलीत त्या मुलाला उत्तर द्यायचे ठरविले होते; पण तो आता वरच्या शाळेत गेला. तेव्हा ते येथेच देतो. बाळ, कुत्र्याला धरायला शिकवावे लागत नाही, ते तो आईच्या पोटातून घेऊन येतो. शिकवायचे असते ते सोडायला. आमच्या गावच्या त्या वाड्यात तिखट होते, अंधार होता, काठी होती. 'सोड' हा शब्द तेवढा त्या कुत्र्याला कोणी कधी सांगितला नव्हता.