बिजा

शिंबावंत कुलाच्या पलाश उपकुलातील पानझडी वृक्ष. शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम, संस्कृत नावे बीजक व असन, सह्याद्रीकडे बिबळा. उंची सु. ३० मी.पर्यंत. पाने संयुक्त, दले ५ ते ७. फुले पिवळी, सुवासिक. शेंग चपटी, वाटोळी, पातळ पंखाने वेढलेली, आत बहुधा एकच बी.

अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत आणि अकोला जिल्ह्यात नरनाळ्याच्या डोंगराळ भागात साग, धावडा, ऐन, तिवस यांच्या सोबतीने तो वाढतो; पाण्याचा निचरा होणारी जमीन त्यास मानवत असल्याने पाईनघाटाच्या, म्हणजे वऱ्हाडातील सखल मैदानाच्या, काळ्या मातीत तो आढळत नाही.

सालीस छेद दिला असता जो रक्तवर्णी रस पाझरतो आणि ज्याचे वाळून काळपट माणकासारखे चकचकीत खडे होतात, तो ‘कायनो’ या नावाने युरोपीय औषधिकोशांत दीर्घकाळ मान्यता पावला. मूळचा कायनो पश्चिम आफ्रिकेतील सजातीय वृक्षाचा. पुढे मलबारच्या मालाने त्याची जागा घेतली. टॅनिनामुळे तो स्तंभक असून अतिसारावर देत. साल बेसुमार सोलली तर झाड वठते, हे डिंक काढणाऱ्याने विसरता कामा नये.

लाकूड पिवळसर तपकिरी, कठीण व टिकाऊ. इमारतीस, शेतीच्या अवजारांस व ढोलांस उपयोगी. त्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहावर घेण्याचा प्रघात असून गुणाविषयी मतैक्य नाही.

वनखात्याच्या दफ्तरात सागाचा हिशेब जसा बारकाईने राखला गेला, तसा ‘इतर इमारती लाकडा’त मोडणाऱ्या या वृक्षाचा राखला गेला नाही, हे प्रस्तुत नोंदकर्त्यास मोठे न्यून वाटते, कारण बियांची उगवण मंद, कोवळी रोपे वणव्याने व चराईने वारंवार जळणारी वा खुडली जाणारी, आणि तोड मात्र जाड बुंध्याच्या, म्हणजे बी देणाऱ्याच, झाडांची होते. वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या राज्य अधिनियमाच्या अनुसूचीत बिजाचे नाव असल्याने खाजगी जमिनीवरही परवान्याविना तो तोडता येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्यास ‘संकटसमीप’ गणले आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या (१९७४) गाभ्यातील झाडांना तेथील संरक्षणामुळे काहीसे अभय आहे. बाहेरच्यांचे भवितव्य परवान्यांच्या काटेकोरपणावर अवलंबून आहे.

लागवड : बियांपासून, रोपे आरंभीची काही वर्षे शेंड्याकडून वाळतात व मुळातून पुन्हा फुटतात.