वाईच्या घराच्या खिडक्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त अगदी घरगुती आहे. नातेवाईक मंडळींना अर्धी गोष्ट ठाऊकच आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते.

मे महिन्यात आमच्या वाईच्या घराला रंग द्यायचं ठरलंय. गेल्या महिन्यात आम्ही सगळे तिथे जमलो होतो. दादाची दहा महिन्यांची लेक सध्या काहीतरी धरून उभं राहायला शिकतेय, आणि माजघरातल्या खिडकीचे गज बरोबर तिच्या उंचीचे आहेत. उभी राहिली की समोर येईल ते तोंडात. वहिनीने तिच्या ओठाला चिकटलेली रंगाची खपली काढली तेव्हा मी म्हटलं, "या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असणार. नुसता वरून नवीन हात मारू नका, आधी याचं काहीतरी करायला हवं."

अप्पा (म्हणजे माझे थोरले काका, बाळाचे आजोबा) हसले. म्हणाले, "अगं, आम्ही चारही भावंडं याच गजांना लोंबकळून मोठी झालो. काय झालं आम्हाला? असेल विष तर दाखव सिद्ध करून."

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचत बसले. आणि वाचता वाचता लक्षात आलं की अप्पांचं हे वाक्य शंभर वर्षं जुनं आहे, आणि ते म्हणणारी माणसं अप्पांपेक्षा खूप मोठी होती.

आधी रंगाबद्दल. त्या खपलीची कड नीट पाहिली तर थर मोजता येतात. वर आकाशी, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, आणि तळाशी पांढरट. आमचे आजोबा बेलतेलात सफेता कालवून स्वतः खिडक्या रंगवायचे, असं बाबा सांगतात. सफेता म्हणजे शिशाचाच क्षार. एका हातात लाकूड झाकून टाकतो, तेल लवकर वाळवतो, पावसाला दाद देत नाही. हळदीसारखा झगझगीत पिवळा रंग बहुधा लेड क्रोमेटचा. आणि मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. (कुंकवाची गोष्ट वेगळी. घरी करायचं कुंकू हळदीचं असायचं.) गंमत म्हणजे शिसपेन्सिलीत शिसं औषधालाही नसतं, आणि जिथे नावात नाही तिथे ते भरपूर!

शिसं वाईट हे कळायला विज्ञानाची वाट पाहावी लागली नव्हती. बेंजामिन फ्रँकलिनने 1786 मध्ये एका मित्राला लांबलचक पत्र लिहून छपाईवाल्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या शिशाच्या दुखण्यांची हकीकत सांगितली होती. उपयोगी गोष्ट ठाऊक असूनही ती आचरणात यायला किती काळ जातो याबद्दल त्याने तेव्हाच खंत केलीय. पॅरिसमध्ये लक्लेर नावाच्या रंगकामाच्या कंत्राटदाराने 1840 च्या दशकात आपल्या कामगारांची दुखणी पाहून सफेत्याऐवजी जस्ताचा पांढरा रंग वापरायला सुरुवात केली. म्हणजे पर्याय नव्हता असंही नाही. फ्रान्सने 1909 मध्ये कायदा करून इमारतींच्या रंगकामातून सफेता 1915 पासून हद्दपार करायचं ठरवलं.

पण ही सगळी काळजी रंगाऱ्याची होती. रंगवलेल्या घरात नुसतं राहणाऱ्याला, तेही लहान मुलाला, यातून काही होतं हे आधी दिसलं ते ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. ही गोष्ट मला फार जवळची वाटली, कारण तिथली घरं आपल्या कोकणातल्या घरांसारखी. लाकडी, पुढे ऐसपैस व्हरांडा, त्याला रंगवलेला कठडा, आणि पोरं दिवसभर व्हरांड्यात.

तिथल्या मुलांच्या इस्पितळात विचित्र केसेस यायच्या. पोटात कळा, पाऊल लुळं पडलेलं, डोळे तिरळे झालेले, दृष्टी गेलेली. हे शिशाचं विष आहे असं तिथल्या डॉक्टरांनी 1892 मध्ये मांडलं. पण येतं कुठून? लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने 1904 मध्ये लेख लिहिला की मूळ रंगवलेल्या कठड्यांत आणि भिंतींत आहे. कडक उन्हाने रंगाचं पीठ होतं, ते ओलसर बोटांना लागतं, आणि बोटं तोंडात जातात. नखं खाणारी, अंगठा चोखणारी मुलं जास्त आजारी पडतात.

इतकं साधं! पण लगेच कोणी मानलं नाही. त्यांचे सहकारी जेफरिस टर्नर यांच्यासह ही मंडळी वर्षानुवर्षं तेच सांगत राहिली. शेवटी 1922 मध्ये क्वीन्सलँडमध्ये कायदा झाला, की मुलांचा हात पोचेल अशा जागी शिशाचा रंग द्यायचा नाही. 1904 ते 1922 म्हणजे अठरा वर्षं. गिब्सनच्या लेखाच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर मिसरूड फुटून कामाला लागलेलं असणार.

या कथेचा पुढचा भाग वाचून मी थोडा वेळ वाचन बंद केलं होतं. क्वीन्सलँडमध्ये तरुण माणसं मूत्रपिंडाच्या विकाराने मरतात, आणि इतर प्रांतांपेक्षा फार जास्त मरतात, असं 1920 च्या दशकाच्या अखेरीस लक्षात येऊ लागलं. 1954 मध्ये हेंडरसन नावाच्या डॉक्टरने 1915 ते 1935 या काळात शिशाच्या विषबाधेने इस्पितळात आलेल्या मुलांचा माग काढला. त्यातली बरीच जण मोठी होऊन वारली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकार होता. इस्पितळातून ती 'बरी होऊन' घरी गेली होती.

अप्पा, "आम्हाला काय झालं" हे विचारायला जे शिल्लक राहतात तेच विचारतात ना?

असो. 1921 मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये असा करार केला. पुन्हा कामगारांसाठीच, पण घरातल्या मुलांचंही आपसूक भलं झालं असतं. अमेरिका त्यात नव्हती. तिथे त्याच दशकात सफेत्याच्या एका मोठ्या कंपनीने गोंडस डच मुलाचं चित्र बोधचिन्ह म्हणून घेऊन मुलांसाठी रंगवायच्या पुस्तिका काढल्या होत्या. त्यात शिशाची 'पार्टी' होती! 1928 मध्ये शिशाच्या उद्योजकांनी आपली संघटना काढली, आणि ती पुढची कित्येक दशकं शिशाची बाजू मांडत राहिली.

ती बाजू कशी मांडली गेली ते खरं पाहण्यासारखं आहे. शिसं विषारी नाही असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं ते असं, की मुलांना नको ते तोंडात घालायची खोड असते, आयांचं लक्ष नसतं, पडक्या वस्त्यांत हे होणारच. या संघटनेच्या अधिकाऱ्यांची 1950 च्या दशकातली पत्रं पुढे उजेडात आली. त्यात गरीब वस्तीतल्या काळ्या आणि पोर्तो रिकोच्या आईबापांना शिकवणं अशक्य आहे असा सूर आहे. म्हणजे वस्तू निर्दोष, आणि ती चाखणारं दहा महिन्यांचं मूल दोषी. आमच्याकडेही वहिनीला कोणीतरी म्हणालंच की, "लक्ष ठेवायचं गं बाळावर." (कोण ते लिहीत नाही, घरात शांतता हवीय.)

दुसरा युक्तिवाद रॉबर्ट केहो यांचा. हे सिनसिनाटीचे डॉक्टर, पेट्रोलमध्ये शिसं घालणाऱ्या कंपनीचे वैद्यकीय सल्लागार. 1925 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच. धोका आहे असं पुराव्याने दाखवा, मग आम्ही थांबू. तोवर चालू द्या. अगदी अप्पाच! शिवाय ते म्हणत की शिसं प्रत्येकाच्या शरीरात असतंच. त्यासाठी त्यांनी मेक्सिकोतल्या आडगावचे लोक तपासले, तर त्यांच्यातही शिसं निघालं. मात्र ते लोक शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांतून जेवत होते.

ही गफलत चव्हाट्यावर आणली ती एका भूगर्भ-रसायनशास्त्रज्ञाने. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय मोजत होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत सगळीकडून शिसं शिरून नमुने बिघडत होते. 1965 मध्ये त्यांनी लिहिलं की सगळ्यांमध्ये आढळतं म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही. नेहमीचं वेगळं, नैसर्गिक वेगळं. इतकी वर्षं आपण एका विषबाधा झालेल्या माणसाची तुलना दुसऱ्या विषबाधा झालेल्या माणसाशी करत होतो.

आणि पुरावा? तो तर येतच होता. बॉस्टनच्या बायर्स आणि लॉर्ड यांनी 1943 मध्ये शिशाच्या विषबाधेतून बऱ्या झालेल्या 20 मुलांचं पुढे काय झालं ते पाहिलं. शाळेत नीट प्रगती करणारं त्यांत एकच निघालं. 1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी तर मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, दोन हजारांहून जास्त मुलांचे. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडात आणि दातात बसतं, त्यामुळे दात म्हणजे खातेवहीच. ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं ती मुलं बाहेरून ठणठणीत होती. पोटात कळ नाही, पाय लुळा नाही. पण बुद्धीच्या चाचण्यांत मागे, आणि वर्गात लक्ष लागत नाही अशी शिक्षकांची नोंद. नीडलमनवर पुढे संशोधनातल्या गैरप्रकाराचे आरोप झाले, चौकशी झाली, आणि ते त्यातून निर्दोष सुटले.

बाल्टिमोर शहराने घराच्या आत शिशाच्या रंगाला 1951 मध्येच बंदी घातली होती, पण संपूर्ण अमेरिकेत घरगुती रंगातून शिसं जायला 1978 उजाडलं. मुलांच्या रक्तातलं किती शिसं चिंताजनक धरायचं तो आकडाही उतरत गेला. 1971 मध्ये डेसिलिटरमागे 40 मायक्रोग्रॅम, 1991 मध्ये 10, 2012 मध्ये 5, 2021 मध्ये 3.5. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. शिसं पोटात गेलं की लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं.

आपल्याकडे? मानक होतं, पण ऐच्छिक. पाळलं तर पाळलं. टॉक्सिक्स लिंकसारख्या संस्था 2007 पासून बाजारातले डबे आणून तपासत होत्या. पाण्यात कालवायच्या प्लास्टिक पेंटमध्ये शिसं फारसं नव्हतं, ऑइलपेंटमध्ये होतं, आणि झगझगीत रंगांत जास्त. शेवटी 1 नोव्हेंबर 2016 ला नियम निघाले आणि वर्षभराने लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको. नियम चांगला आहे, उशिरा का होईना आला. छोटे रंगवाले म्हणत होते की आम्हाला परवडणार नाही, आणि ती अडचण मला अगदी खोटी वाटत नाही. पण ती अडचण मोजून सांगता येते, रंगवाल्यांच्या हिशेबात दिसते. मुलाची गेलेली आकलनशक्ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालात भारतातल्या सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यात रंगाबरोबर जुन्या बॅटऱ्या वितळवण्यापासून मसाल्यातल्या भेसळीपर्यंत बरंच काही आलं.

मात्र हा नियम नव्या डब्यापुरता. आजोबांनी खिडकीला दिलेल्या रंगाबद्दल त्यात काही नाही. तो आपला आपणच निस्तरायचा.

आता कामाचं. रंगारी पॉलिशपेपरने कोरडं घासायला निघाला होता. तसं अजिबात करायचं नाही, त्याची धूळ खपलीपेक्षा वाईट. पाणी मारून, ओलं ठेवून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, पोपडे पिशवीत भरायचे, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. घासणाऱ्यानेही नाकातोंडाला चांगला मास्क लावायचा, त्यालाही घरी मुलं आहेत. अप्पांशी फोनवर बोलले. हे सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "आमच्या धाकट्या बहिणीचं, शकूचं, शाळेत कधीच लक्ष लागलं नाही गं. अण्णा मारायचे तिला." शकूआत्याच्या बाबतीत खिडकीचा काही संबंध होता की नाही, ते आता कोणी सांगू शकणार नाही. मी तसं म्हटलंही नाही.

खिडक्यांचं काम 4 तारखेला सुरू होतंय. शेवटची पुसापुशी होईपर्यंत वहिनी आणि बाळ पुण्यात माझ्याकडे राहतील. अप्पांना गज पुन्हा पिवळेच हवेत. डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचून आणा, एवढं दादाला सांगितलंय.